उपकार मानले; पुढे काय?



आपल्या मंडळ्यांतून साक्षीच्या वेळी ज्या हकीगती ऐकायला मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा एकाच प्रकारच्या असतात. बस चुकली म्हणून मन खट्टू झाले; संध्याकाळी कळले की त्याच बसला अपघात झाला. हातची नोकरी गेली; सहा महिन्यांनी तिच्याहून बरी मिळाली. मुलीचे जमलेले लग्न मोडले. मागाहून त्या घरची खरी हकीगत कानी आली. अशी साक्ष संपली की सर्व जण प्रभूची स्तुति करतात, आणि ते योग्यच आहे. देवाने आपल्या लेकरांना लहानसहान अडचणींतून राखले नसते, तर आपण इथवर आलोच नसतो. अशा साक्षी आम्हीही दिल्या आहेत. त्यांतल्या एका साक्षीने आमची झोप उडविली. तिच्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भोपाळच्या श्यामला हिल्सचा उतार आम्ही आमच्या जुन्या स्कूटरवरून उतरत होतो. ब्रेक दाबला, तो लागेना. कशीबशी गाडी रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगावर घातली. कोपर खरचटले, तेवढ्यावर निभावले. त्याच बुधवारी एका घरी प्रार्थनासभा होती. तिथे आम्ही ही हकीगत मोठ्या उमाळ्याने सांगितली. तो ढीग तिथे कोणी बरे आणून टाकला होता, असा प्रश्न करून, प्रभूने तो आमच्यासाठीच राखून ठेवला होता, हे उत्तरही आम्हीच दिले. पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील अठरावे वचन घेऊन, कोणत्याही स्थितीत देवाचे उपकार मानावेत, असा बोध केला. मंडळींना तो आवडला.

सभा आटोपल्यावर चपला घालताना एक वृद्ध मावशी जवळ आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. १९८४ साली त्यांचे बिऱ्हाड स्टेशनाजवळच्या वस्तीत होते. २ डिसेंबरच्या त्या रात्री कारखान्यातून विषारी वायू सुटला, त्यात त्यांचे यजमान आणि धाकटा मुलगा दोघेही गेले. हे आम्हांला ठाऊक होते. बोलण्याच्या भरात मात्र ध्यानात राहिले नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या ढिगाबद्दल मीसुद्धा देवाचे उपकार मानले. पण एक विचारू? त्या रात्रीबद्दलही मानायचे का? सगळ्याच स्थितीत म्हणालात, म्हणून विचारते."

आम्हांला उत्तर देता आले नाही. प्रार्थना करू, असे काहीतरी पुटपुटून आम्ही निघालो.

आणि आठ दिवसांनी तोच ब्रेक पुन्हा लागला नाही. होय, आम्ही तो दुरुस्तच केला नव्हता. साक्ष दिली, उपकार मानले, आणि मिस्त्रीकडे जाणे उद्यावर टाकले. या वेळी समोर मातीचा ढीग नव्हता. शाळेतून घरी चाललेला शेजारचा मुलगा होता. त्याचा हात मोडला. पोर दीड महिना प्लास्टरमध्ये होते. त्याची आई आम्हांला एका शब्दानेही बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेले.

मावशींचा प्रश्न आणि त्या मुलाचा मोडलेला हात, या दोन गोष्टींनी आम्हांला पुन्हा पवित्र शास्त्र उघडावयास लावले. पहिली गोष्ट विचारीत होती की, सर्वच गोष्टींसाठी उपकार मानावयाचे काय? दुसरी विचारीत होती की, उपकार मानले म्हणजे काम संपले काय?

पहिला प्रश्न आधी घेऊ. पौलाचे वचन नीट वाचले तर त्यात प्रत्येक गोष्टी'साठी' उपकार मानण्यास सांगितलेले नाही. प्रत्येक स्थिती'त' मानण्यास सांगितले आहे. एका अक्षराचा फरक वाटेल, पण तो मोठा आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीचा छळ होत होता. त्या छळाबद्दल आभार माना असे तो लिहीत नाही. त्या छळातही देवाचा हात सोडू नका, असे लिहितो. आणि आपण अठरावे वचन पाठ करतो, पण त्याआधीचे चौदावे विसरतो. तिथे पौल धीर खचलेल्यांना धीर देण्यास, अशक्तांना आधार देण्यास आणि सर्वांशी सहनशीलतेने वागण्यास सांगतो. म्हणजे दुसऱ्याला उपकारस्तुतीचा उपदेश करण्याआधी त्याला आधार देण्याचे काम आहे. आम्ही बुधवारी अठरावे वचन सांगितले, आणि चौदावे समोर बसले असताना आम्हांला दिसले नाही.

आपल्या प्रभूनेही असेच केले. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराच्या कबरेशी तो पित्याचे उपकार मानतो. परंतु त्याच्या आधी तो रडतो. मरीया आणि मार्था यांना त्याने रडू नका असे म्हटले नाही. त्यांच्याबरोबर तोही रडला, आणि मग पित्याकडे डोळे वर केले. पुढे ज्या रात्री त्याला धरून दिले, त्या रात्री त्याने भाकर घेऊन उपकारस्तुति केली. प्रभुभोजनाच्या वेळी हे आपण दर वेळी ऐकतो. त्याने भाकरीबद्दल उपकार मानले. यहूदाच्या विश्वासघाताबद्दल मानले नाहीत. रात्र तीच होती, मेज तेच होते, पण त्याने भाकर आणि विश्वासघात यांची गल्लत केली नाही. मग आपण का करावी?

आमच्या साक्षीत आणखी एक दोष होता. ढीग आमच्यासाठी ठेवला होता, असे म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो: ज्यांच्यासमोर ढीग नव्हता त्यांचे काय? भोपाळात हा प्रश्न टाळता येत नाही. त्या रात्री वाऱ्याने वायू जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, रेल्वे स्टेशन या बाजूंना नेला. शहराचा दुसरा भाग पुष्कळसा वाचला. वाचलेल्यांवर देवाचे प्रेम अधिक होते आणि झोपड्यांत निजलेल्यांवर कमी होते, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिलोहाच्या बुरुजाची गोष्ट काढली आहे. बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. मेलेल्यांचा हिशोब मांडण्याऐवजी त्याने जिवंतांना पश्चात्ताप करण्यास सांगितले. आपण वाचलो, याचा अर्थ आपण लाडके आहोत असा नव्हे. आपल्याला वेळ मिळाला आहे, असा आहे.

आणि वेळ मिळाला आहे तो कशासाठी? हाच दुसरा प्रश्न.

भोपाळच्या दुर्घटनेकडे पुष्कळ जण एका रात्रीत कोसळलेले संकट म्हणून पाहतात. ती एका रात्रीची गोष्ट नव्हती. यूनियन कार्बाइडच्या त्या कीटकनाशकांच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. १९८२ सालीही वायुगळती होऊन कामगारांना इजा झाली. त्याच वर्षी कंपनीच्या अमेरिकेतून आलेल्या तज्ज्ञांनी पाहणी करून सुरक्षेतील उणिवा लिहून दिल्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या भोपाळच्या पत्रकाराने आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला जागे करण्याचा प्रयत्न केला. १९८४ साली त्यांनी पुन्हा लिहिले. ऐकणारे थोडे निघाले.

मग ती रात्र आली. ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट होते. टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले यावर पुष्कळ वाद झाले. पण वायू बाहेर पडू नये म्हणून जी साधने होती त्यांची स्थिती काय होती, याबद्दल फारसा वाद नाही. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन निरुपद्रवी करणारे यंत्र एवढ्या लोंढ्यापुढे टिकणारे नव्हते. सुमारे ४० टन विष हवेत गेले. सरकारी नोंदीतील मृतांचा आकडाच हजारांत आहे आणि बाधितांचा पाच लाखांवर. दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांनी जो तपास केला त्यात असेही आले की, रात्री साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले तेव्हा वरच्या माणसाने चहा झाल्यावर पाहू असे ठरविले. त्या एका माणसाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. डोळे चुरचुरणे तिथे नेहमीचे होऊन बसले होते, ही खरी भयंकर गोष्ट आहे.

हे आम्ही वाचले आणि आम्हांला आमचा ब्रेक आठवला. कारखाना आणि स्कूटर यांची बरोबरी कोणी करू नये, आम्हीही करीत नाही. पण मनाची चाल तीच होती. निभावले ना? मग झाले. लहान अडचण ही दारावरची थाप असते. कोणी थाप ऐकून चिडतो, कोणी दुर्लक्ष करतो. आपण ख्रिस्ती लोक तिसरी गोष्ट करतो. आपण तिच्याबद्दल देवाचे उपकार मानतो आणि दार न उघडताच पुन्हा निजतो. आमच्या उपकारस्तुतीने आम्हांला झोपविले. ती मनापासूनची होती, तरी झोपविले. शेजारच्या मुलाचा हात मोडला तो निव्वळ ब्रेकने नव्हे. आमच्या त्या सुंदर साक्षीनेही मोडला.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. तो उपदेशांत फारसा येत नाही. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, म्हणजे कोणी तिथून पडून रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, अशा अर्थाचा तो नियम आहे. वचनदत्त देशात पाऊल ठेवणाऱ्या, देवाच्या उपकारांनी भरून गेलेल्या लोकांना मोशेने हे सांगितले. नव्या घराबद्दल देवाची स्तुति करावी, पण स्तुति करून झाल्यावर कठडा बांधावा. आपल्या मते कठडा बांधणे हाही स्तुतीचाच भाग आहे. आपण गच्चीवरून पडता पडता वाचलो, हे ज्याला खरोखर देवाचे देणे वाटते, तो दुसऱ्याचे लेकरू तिथून पडू नये म्हणून विटा आणील. ज्याने विटा आणल्या नाहीत, त्याने नुसते सुटकेचे सुख भोगले. उपकार मानले नाहीत.

आपल्या मराठी मंडळीला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. पंडिता रमाबाईंच्या तरुणपणी, १८७० च्या दशकातील दुष्काळात, त्यांचे आईवडील उपासमारीने खंगून गेले आणि पाठोपाठ थोरली बहीणही गेली. त्या दुष्काळाला त्यांनी कधी गोड म्हटले नाही. पण वीसएक वर्षांनी, १८९६-९७ साली, मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या घरी बसून राहिल्या नाहीत. भूक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. आज आम्ही ज्या मध्य प्रदेशात राहतो, त्याच्या अंगणात येऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली व स्त्रिया शेकड्यांनी गोळा केल्या आणि महाराष्ट्रात नेऊन आसरा दिला. केडगावचे मुक्ति मिशन त्यांतूनच वाढले. स्वतःच्या भुकेचा धडा त्यांनी दुसऱ्यांसाठी भाकर करून वाढला.

आणि आमच्या भोपाळातच पाहा. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोन बाधित स्त्रिया. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींच्या घरांवर या वायूने घाला घातलेला. १९८९ साली आपल्यासारख्याच गरीब कामकरी बायांना घेऊन त्या भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेल्या. २००४ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. त्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला, आणि जन्मतःच अपंगत्व घेऊन आलेल्या, बाधितांच्या घरच्या मुलांवर तिथे उपचार होऊ लागले. त्या आपल्या मंडळीतल्या नाहीत. पण दहा कुष्ठरोग्यांतून परत आलेला एकटा जो होता, तोही शोमरोनीच होता, हे आपण विसरू नये.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. धडा घेणे म्हणजे अन्यायाला धडा म्हणून गिळून टाकणे नव्हे. लूकाच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली. प्रभूने तिला कृतघ्न म्हटले नाही, तिची वाखाणणी केली. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर झालेली तडजोड अपुरी आहे, असे बाधित लोक सांगत आले. वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली फेटाळली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा भोपाळबाहेर पिथमपूरला हलवावयास २०२५ चा जानेवारी उजाडावा लागला. चाळीस वर्षे! जे लोक इतकी वर्षे दार ठोठावीत राहिले त्यांना समाधानी राहा असे सांगणे, हे उपकारस्तुतीचे शिक्षण नव्हे.

दुसरी सावधगिरी अशी की, प्रत्येक दुःखातून धडा निघतोच असेही नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी प्रभूला तीनदा विनविले. काटा गेला नाही, त्याचे नावही आपल्याला कळले नाही; कृपा पुरे आहे, एवढेच उत्तर मिळाले. काही दुःखे शिकवीत नाहीत, ती नुसती सोसावी लागतात, आणि सोसणाऱ्याजवळ कोणीतरी बसावे लागते. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले. तोपर्यंत ते खरे मित्र होते. त्यांनी तोंड उघडून कारणे सांगावयास सुरुवात केली तेव्हा बिघडले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आमची एक विनंती आहे. वर्गात एखादे मूल आपली अडचण घेऊन येते. परीक्षेत नापास झाले, सायकल चोरीला गेली, नाताळच्या नाटकात मिळालेले काम दुसऱ्याला दिले. अशा वेळी लगेच, देवाचे आभार मान, यातून काहीतरी चांगलेच होईल, असे सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्याऐवजी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. काय झाले? कोणाला लागले? काय दुरुस्त करता येईल? आणि मग, या सगळ्यात देवाचे उपकार कशाबद्दल मानता येतील? क्रम उलटा केला तर मूल देवाला फसवावयास शिकते. जे मनात नाही ते प्रार्थनेत म्हणू लागते. क्रम पाळला तर ते आधी रडेल, मग विचार करील, आपली चूक असेल तर कबूल करील, आणि शेवटी जे आभार मानील ते खरे असतील. आम्ही आमच्या वर्गात हे करून पाहिले आहे. पुष्कळदा चौथ्या प्रश्नाचे उत्तर त्या रविवारी येत नाही. येऊ नये म्हणून घाई करू नका, आणि यावे म्हणूनही करू नका.

त्या अपघातानंतर आम्ही मावशींच्या घरी गेलो. उत्तर घेऊन गेलो नव्हतो. क्षमा मागावयास गेलो होतो. त्या दिवशी आम्ही फारसे बोललो नाही. त्यांनी चहा केला, मुलाचा फोटो दाखविला, तो चवथीत होता असे सांगितले. पुष्कळ वेळाने त्या स्वतःच म्हणाल्या, "भाऊ, मी तुम्हाला विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. त्या रात्रीबद्दल मी देवाचे उपकार मानत नाही. तोही तसं मागत नसेल. पण पळताना मी रस्त्यात पडले होते. डोळ्यांनी दिसत नव्हतं. तेव्हा कुणीतरी बाईनं आपला पदर भिजवून माझ्या तोंडावर धरला आणि मला हाताला धरून नेलं. कोण होती, कुठल्या जातीची होती, जगली की नाही, देव जाणे. तिच्याबद्दल मात्र मी रोज उपकार मानते."

निघताना आमच्या लक्षात आले की मावशींच्या दाराबाहेर, रस्त्याच्या कडेला, पाण्याचा माठ भरून ठेवलेला आहे आणि त्यावर पेला उपडा घातलेला आहे. किती वर्षे ठेवता, असे विचारले, तर म्हणाल्या, "इथे राहायला आले तेव्हापासून."

आम्ही पंचवीस मिनिटे बोलून जे सांगू शकलो नाही, ते त्या माठात होते.

तो मुलगा आता मोठा झाला आहे; त्याचा हात चांगला आहे, याबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, प्रार्थना झाल्यावर, आम्ही गाडीचे ब्रेक तपासून घेतो. त्यालाही आता आम्ही प्रार्थनेचाच भाग समजतो.

प्रभू आपल्याला राखतो, यासाठी त्याची स्तुति असो. ज्यांना आपण राखू शकलो असतो आणि राखले नाही, त्यांच्यासाठी तो आपल्याला क्षमा करो. आणि आज संध्याकाळी, आभार मानून झाल्यावर, आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या गच्चीचा कठडा आठवो. आमेन.